‘शेजाऱ्यांचा विरोध’ छापण्याआधी : मराठी संपादकांना आणि विश्लेषकांना खुलं पत्र

मराठी दैनिकांचे व वृत्तवाहिन्यांचे संपादक, तसेच परराष्ट्र घडामोडींवर लिहिणारे-बोलणारे विश्लेषक यांस,

स.न.वि.वि.

एखाद्या हुकूमशहावर बाहेरून हल्ला होण्याची चिन्हं दिसू लागली की आपल्याकडे एक वाक्य तयार असतं : ‘शेजारी देशांचा या कारवाईला विरोध आहे.’ सकाळी ते पहिल्या पानावर बातमीत असतं, संध्याकाळी चर्चेत कुणीतरी ते टेबल आपटून सांगतं आणि रविवारच्या पुरवणीत लेखाचा पायाच ते असतं. मग समोरची बाजू येते. तिचंही वाक्य तयार : ‘वरवरचा विरोध हो, आतून सगळ्यांना तो माणूस गेलेलाच हवाय.’ पहिलं वाक्य म्हणणाऱ्याला दुसरा भाबडा समजतो आणि दुसरं म्हणणाऱ्याला पहिला अमेरिकेचा भाट ठरवतो. माझी तक्रार दोन्ही वाक्यांबद्दल आहे, कारण दोन्ही वाक्यं उच्चारणाऱ्याला पुढची चौकशी करावी लागत नाही.

आखातात पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो मराठी माणसांपैकी मी एक. तिथे राहणाऱ्याला स्थानिक राजकारणावर बोलायची मुभा नसते, पण डोळे मिटून बसायची सक्तीही नसते. एवढीच माझी पात्रता. शेजाऱ्यांचा विरोध किती खरा असतो याचं सगळ्यात पूर्ण, कागदोपत्री सिद्ध झालेलं उदाहरण माझ्या मते २००२-०३ चं इराक आहे. तिथे कोण काय बोललं आणि कोणी काय दिलं, हे दोन्ही आता समोर आहे. म्हणून पत्राचा बराचसा भाग त्यावरच खर्च करतो.

आधी एक गोष्ट लक्षात आणून देतो, जी चर्चेत सहसा गळते. सद्दाम हुसेन हा शेजाऱ्यांवर आभाळातून पडलेला नव्हता. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी त्याला अब्जावधी डॉलर पुरवले, कारण खोमेनींच्या इराणपुढे तो त्यांना बांध वाटत होता. १९८८ मध्ये इराकच्याच हलबजात सद्दामच्या फौजेने सोडलेल्या विषारी वायूने हजारो कुर्द मारले गेले, तेव्हाही या शेजाऱ्यांनी फारसा आवाज केला नाही. तोच बांध २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतवर कोसळला.

त्यानंतर आठ दिवसांनी कैरोत अरब लीगची, म्हणजे अरब देशांच्या संघटनेची, तातडीची परिषद झाली. सौदी अरेबियाच्या संरक्षणासाठी अरब फौजा पाठवायच्या की नाही यावर २१ पैकी १२ सदस्यांनी होकार दिला. बाकीच्यांत कुणी विरोध केला, कुणी तटस्थ राहिलं, कुणी ‘आक्षेप नोंदवून’ बाजूला झालं आणि ट्युनिशिया आलाच नाही. होकार देणाऱ्यांना आणि नकार देणाऱ्यांना पुढे काय मिळालं ते पाहा. इजिप्तने सैन्य पाठवलं आणि अमेरिकेने त्याचं सुमारे ७ अब्ज डॉलरचं लष्करी कर्ज पुसून टाकलं. येमेन तेव्हा सुरक्षा परिषदेत होता. त्याने नोव्हेंबरमध्ये बळाच्या वापराला परवानगी देणाऱ्या ६७८ क्रमांकाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं. त्याची अमेरिकी मदत आटलीच, शिवाय इराककडे झुकल्याबद्दल सौदीने येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या आणि सात-आठ लाख माणसं त्या वर्षी बाडबिस्तरा उचलून मायदेशी परतली. जॉर्डनचे राजे हुसेन तळ्यात-मळ्यात राहिले. त्यांच्या देशात कुवेतहून सुमारे तीन लाख निर्वासित आले आणि आखाती पैशाचा नळ बंद झाला.

जॉर्डनच्या त्या डळमळीत भूमिकेला आपल्याकडे नावं ठेवली जातात, म्हणून सांगतो. कुवेतमध्ये अडकलेले एक लाखाहून जास्त भारतीय ज्या वाटेने सुटले, ती बसने इराकमधून अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला अशी होती. इराक आणि जॉर्डन यांच्यातली ती वाट उघडी राहिली, कारण राजे हुसेन यांनी कुणाचीच बाजू पुरती घेतली नव्हती. आणि त्याच ऑगस्टमध्ये आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादमध्ये सद्दामला आलिंगन दिलं. त्या फोटोवर जगभर टीका झाली. लाखभर माणसं ज्याच्या ताब्यात आहेत त्याला आलिंगन न देण्याची चैन भारताला परवडणारी नव्हती, असं माझं मत आहे.

१९९० चा हा हिशेब प्रत्येक शेजाऱ्याच्या वहीत लिहिलेला होता. २००२ साली जॉर्ज बुश यांच्या सरकारने सद्दामला हटवण्याची भाषा सुरू केली, तेव्हा शेजाऱ्यांनी ती वही काढून पाहिली असणारच.

मार्च २००२ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी या शेजाऱ्यांच्या राजधान्यांतून फिरले. जिथे जातील तिथे यजमानांनी जाहीरपणे सांगितलं की इराकवर हल्ला नको. त्याच महिन्याच्या अखेरीस बैरूतच्या अरब शिखर परिषदेत सौदी युवराज अब्दुल्ला यांनी सद्दामचा उजवा हात असलेल्या इज्जत इब्राहिम यांना मिठी मारली, इराकने कुवेतच्या सार्वभौमत्वाचा आदर करण्याचं वचन दिलं आणि इराकवरचा हल्ला आम्ही फेटाळतो असं सगळ्यांनी मिळून जाहीर केलं. आपल्या पेपरांतही त्याचं तात्पर्य हेच निघालं की शेजारी एक झाले, अमेरिका एकटी पडली.

आता पुढच्या बारा महिन्यांत हातांनी काय केलं ते पाहा. कुवेतने उत्तरेकडच्या वाळवंटाचा मोठा भाग नागरिकांसाठी बंद केला आणि तिथे अमेरिकी व ब्रिटिश छावण्या उभ्या राहिल्या. जमिनीवरची मुख्य चढाई तिथूनच झाली. कतारमध्ये दोहाच्या कडेला असलेल्या अस सैलियाच्या छावणीत चढाईचे अमेरिकी सेनापती जनरल टॉमी फ्रँक्स यांचं मुख्यालय थाटलं गेलं. अल उदैदचा हवाई तळ होताच. त्याच दोहातून अल जझीरा वाहिनी अख्ख्या अरब जगाला या युद्धाविरुद्ध पेटवत होती. युद्ध चालवणारं मुख्यालय आणि युद्धावर सर्वांत जहाल बोलणारी वाहिनी, दोघांचा यजमान एकच अमीर! हे पाहूनही ‘कतारची भूमिका काय?’ असा प्रश्न विचारून एका शब्दात उत्तर मागणाऱ्या अँकरचं मला खरोखर नवल वाटतं.

बहारीनमध्ये मनामाला अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय होतं, ते जागचं हललं नाही. सौदी अरेबियाने आमच्या भूमीवरून इराकवर हल्ला होऊ देणार नाही असं वारंवार सांगितलं. पण अल खर्जजवळच्या प्रिन्स सुलतान तळावरच्या नियंत्रण केंद्रातून इराकवरच्या हवाई युद्धाची सूत्रं हलवली गेली आणि इराकच्या सीमेजवळच्या अरार इथून विशेष दलांना वाट मिळाली. युद्धाच्या दोन महिने आधीच वॉशिंग्टनमधले सौदी राजदूत युवराज बंदर यांना चढाईचा आराखडा सांगितला गेला होता, हेही नंतर बाहेर आलं. इराकी तेल बाजारातून गेल्यावर भाव भडकू नयेत म्हणून सौदीने उत्पादन वाढवलं. युद्धखोर न म्हणवता युद्धाला यापेक्षा मोठी मदत कोणी करू शकेल असं मला वाटत नाही. जॉर्डनमध्ये पूर्वेच्या वाळवंटातून विशेष दलं पश्चिम इराकमध्ये शिरली. सरकार मात्र सांगत होतं की हे परदेशी सैनिक क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा चालवायला आणि प्रशिक्षणासाठी आले आहेत. इजिप्तचे होस्नी मुबारक यांनी या युद्धातून शंभर बिन लादेन निर्माण होतील असा इशारा दिला. तो इशारा देत असताना अमेरिकी युद्धनौका सुएझ कालव्यातून जात होत्या.

आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेत असं घडलं असतं तर आपण एका मिनिटात ओळखलं असतं. सर्वसाधारण सभेत सगळे सभासद बिल्डरविरुद्ध हात वर करतात, ठराव एकमताने मंजूर होतो, आणि आठवड्याभरात कळतं की बहुतेकांनी आपापल्या संमतीपत्रावर आधीच सह्या करून दिल्या आहेत. तिथे आपण ठराव पाहत नाही, संमतीपत्रं मागतो.

या सगळ्यात १ मार्च २००३ हा दिवस मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या शनिवारी दोन सभागृहांत एकाच प्रश्नाचा निकाल लागत होता.

पहिलं सभागृह इजिप्तमध्ये शर्म अल शेखला. अरब लीगची शिखर परिषद. इराकवरच्या हल्ल्याला नकार आणि कोणत्याही अरब देशाने त्यात सहभागी होऊ नये असा ठराव झाला. ठरावाला होकार देणाऱ्यांत कुवेत, कतार, बहारीन, सगळे होते. परिषदेत लिबियाचे गद्दाफी आणि युवराज अब्दुल्ला यांची थेट प्रक्षेपणातच अशी जुंपली की प्रक्षेपण तोडावं लागलं. गद्दाफींनी सौदीच्या अमेरिकेशी असलेल्या संगतीवर बोट ठेवलं होतं आणि अब्दुल्लांना ते झोंबलं. संयुक्त अरब अमिरातीचे शेख झायेद यांनी मात्र कागदावर एक प्रस्ताव दिला : सद्दाम आणि त्याच्या साथीदारांनी सत्ता सोडून देश सोडावा, त्यांच्या जिवाची हमी घेऊ. सुंठीवाचून खोकला जावा, ही सगळ्यांच्याच मनातली इच्छा उघडपणे मांडणारा तो एकटा. लीगने तो प्रस्ताव औपचारिक चर्चेलाही घेतला नाही. कुवेत आणि बहारीनने त्याला पाठिंबा दिला, बाकीचे छताकडे पाहत बसले.

दुसरं सभागृह अंकाराचं. तुर्कस्तानच्या संसदेपुढे प्रस्ताव होता की सुमारे ६२,००० अमेरिकी सैनिकांना देशात उतरू द्यावं म्हणजे इराकवर उत्तरेकडूनही आघाडी उघडता येईल. बदल्यात अब्जावधी डॉलरचं अनुदान आणि कर्ज ठरलं होतं. सरकार नुकतंच निवडून आलेल्या पक्षाचं, संसदेत त्याचं घसघशीत बहुमत. पंतप्रधान अब्दुल्ला गुल आणि पक्षनेते एर्दोआन. रस्त्यावर हजारो निदर्शक आणि बहुतांश जनता युद्धाच्या विरोधात. मतमोजणी झाली : बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. पहिल्या क्षणी वाटलं प्रस्ताव मंजूर. मग कुणीतरी घटना उघडली. हजर सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत. हजर ५३३, म्हणजे लागणार होती २६७. तीन मतं कमी पडली.

या तीन मतांनी जे केलं ते बैरूत आणि शर्म अल शेखचे सगळे ठराव मिळून करू शकले नाहीत. भूमध्य समुद्रात अमेरिकेच्या चौथ्या पायदळ डिव्हिजनची सामग्री घेऊन थांबलेली जहाजं वळसा घालून कुवेतकडे न्यावी लागली. उत्तरेची आघाडी जशी ठरली होती तशी उघडलीच नाही. तुर्कस्ताननेही पुढे हवाई हद्द खुली केली, हे खरं. तेव्हा तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण शेजाऱ्याच्या विरोधाने चढाईचा नकाशा बदलला, असं फक्त तिथे झालं. आणि ज्या एका ठिकाणी खासदारांना मत देऊन लोकांकडे परत जायचं होतं, तिथेच ते झालं. दोन महिन्यांनी अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तुर्की वाहिनीवर तक्रार केली की तुर्की लष्कराने या वेळी खंबीर नेतृत्व दाखवलं नाही. इराकमध्ये लोकशाही रुजवायला निघालेला माणूस शेजारच्या लोकशाहीत सेनापतींनी संसदेवर वजन का टाकलं नाही म्हणून रागावतो. असो.

युद्ध सुरू झाल्यावर २४ मार्चला अरब लीगचे परराष्ट्रमंत्री कैरोत जमले आणि अमेरिकी-ब्रिटिश फौजांनी ताबडतोब, विनाअट माघार घ्यावी असा ठराव झाला. त्याला एकट्या कुवेतने साथ दिली नाही. कतार होता, बहारीन होता, सौदी होता. ज्याच्या मुख्यालयातून युद्ध चाललं होतं तो माघारीची मागणी करत होता. कुवेतला त्या दिवशी अरब वर्तमानपत्रांनी झोडपलं. मला विचाराल तर त्या खोलीत तोंड आणि हात जुळलेला तो एकच देश होता. त्याचे सहाशेवर लोक १९९१ पासून इराकमध्ये बेपत्ता होते, सहाशेवर तेलविहिरी पेटवून देण्यात आल्या होत्या. त्याला सद्दाम नको होता आणि तो ते लपवत नव्हता.

इथपर्यंत वाचून दुसऱ्या वाक्याचे चाहते खूश झाले असतील : बघा, आतून सगळ्यांना हवंच होतं! तसंही नाही.

सौदींचा विरोध ढोंगी होता असं म्हणणं सोपं आहे, पण सप्टेंबर २००५ मध्ये सौदी परराष्ट्रमंत्री सौद अल फैसल न्यूयॉर्कला जाऊन जाहीरपणे म्हणाले की आपण सगळा इराक विनाकारण इराणच्या हाती सोपवतो आहोत. ही भीती २००५ मध्ये जन्मलेली नव्हती. सद्दाम गेला तर बहुसंख्य शियांच्या हाती सत्ता जाईल, तेहरानचा हात बगदादपर्यंत पोचेल, ही रियाधची जुनी चिंता होती. १९९१ मध्ये अमेरिकी फौज बगदादच्या दिशेने पुढे गेली नाही, त्यामागे हीच चिंता एक कारण होती. म्हणजे युद्धाला मदत खरी होती आणि युद्धाचं भयही खरं होतं. सद्दाम नको, पण त्याच्या जागी येणारा गोंधळही नको. अमेरिकेला दुखवायचं नाही, पण आपल्या रस्त्यावरच्या माणसालाही नाही. तुर्कस्तानला आपल्या हद्दीला लागून कुर्दांचं राज्य नको होतं. १९९१ मध्ये सुमारे पाच लाख कुर्द निर्वासित डोंगर चढून त्याच्या सीमेवर आले होते. जॉर्डन आपलं जवळजवळ सगळं तेल इराककडून घेत होता, त्यातलं बरंचसं फुकट किंवा सवलतीच्या भावात. इतकं स्वस्त तेल देणारा हुकूमशहा जावा असं जॉर्डनच्या अर्थमंत्र्याला तरी कसं वाटेल? म्हणून मग युद्धकाळात आणि नंतर सौदी, कुवेत आणि अमिरातीने जॉर्डनला तेल पुरवलं. तुमची जॉर्डनची ‘भूमिका’ यात कुठे बसवायची ते तुम्हीच ठरवा.

सिरिया आणि इराण यांचं एकेका ओळीत. सिरियाने नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेत इराकविरुद्धच्या १४४१ क्रमांकाच्या कडक ठरावाच्या बाजूने मत देऊन सगळ्यांना चकित केलं आणि मग युद्धाला कडाडून विरोध केला. इराणने तटस्थता जाहीर केली आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं आसऱ्याला असलेले इराकी शिया नेते सद्दाम पडताच परत पाठवले. सद्दामशी आठ वर्षं लढून जे जमलं नव्हतं ते अमेरिकेने तीन आठवड्यांत करून दिलं होतं.

मग खासगी कुजबुजीवर विश्वास ठेवावा का? आपल्यापैकी अनेक जण ठेवतात. निवृत्त राजदूत चर्चेत ‘मला तिथल्या वरिष्ठांनी खासगीत सांगितलं’ म्हणाले की बाकीचे गप्प बसतात. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकी वकिलातींच्या गोपनीय तारा फुटल्या. त्यांतल्या २००८ च्या एका तारेत नोंद होती की सौदी राजे अब्दुल्ला (तेच, पूर्वीचे युवराज) इराणवर हल्ला करण्याचा आग्रह अमेरिकेला वारंवार करत आले आहेत, सापाचं डोकंच छाटा म्हणून. जग म्हणालं, हे बघा खरं मत. पण मार्च २०२३ मध्ये त्याच सौदीने बीजिंगमध्ये इराणशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडले. खासगीत बोललेलंही समोरच्याला ऐकवण्यासाठीच बोललेलं असतं. वॉशिंग्टनला काय ऐकायला आवडेल हे रियाधला ठाऊक होतं, आणि वॉशिंग्टनमध्ये ज्यांना युद्ध हवंच होतं त्यांनी ही कुजबूज संमती म्हणून वापरली. ‘ते उघड बोलू शकत नाहीत, पण आमच्या पाठीशी आहेत’, हा युक्तिवाद २००२ मध्ये पुन्हा पुन्हा झाला.

माझा खरा मुद्दा इथे आहे. लपून दिलेली संमती ही मदत असते, जबाबदारी नसते. ज्याने उघडपणे ‘हो’ म्हटलेलं नाही, त्याला नंतर ‘आता निस्तरा’ असं सांगता येत नाही. ९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं. त्यानंतर इराकमध्ये सैन्य विसर्जित झालं, सुन्नी-शिया कत्तली झाल्या, देशोधडीला लागलेल्या लाखो इराकींना सिरिया आणि जॉर्डनने आसरा दिला. तळ देणारी श्रीमंत आखाती राज्यं कुठे होती? सौदीची बगदादमधली वकिलात १९९० मध्ये बंद झाली होती. ती पुन्हा उघडली २०१५ च्या अखेरीस. युद्धाला विमानतळ मिळाले, शांततेला राजदूत मिळाला नाही. जे गेले त्यांचीही दैना झाली : २००५ मध्ये बगदादला आलेल्या इजिप्तच्या राजदूताचं अपहरण करून त्यांना ठार मारण्यात आलं.

याच्या उलट जेव्हा शेजाऱ्यांना खरंच कारवाई हवी असते, तेव्हा काय दिसतं? गांबियाचं उदाहरण आपल्याकडे कुणी छापत नाही, देश लहान म्हणून. तिथला हुकूमशहा याह्या जामेह डिसेंबर २०१६ मध्ये निवडणूक हरला, आधी पराभव मान्य केला, मग फिरला. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसंघाने मुदत घातली. विजयी अदामा बॅरो यांनी १९ जानेवारी २०१७ ला सेनेगलमधल्या गांबियाच्या वकिलातीत शपथ घेतली, त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखाली फौजा सीमेत शिरल्या आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेला. सेनेगलच्या सरकारने हे लपवलं नाही. पुढे फौजा तिथे राहिल्या त्याची जबाबदारीही त्याच शेजाऱ्यांवर राहिली. लिबियाचं २०११ चं उदाहरण याच्या अधेमधे पडतं. अरब लीगने १२ मार्चला स्वतःहून विमानबंदी क्षेत्र मागितलं आणि आठवड्याभरात बाँब पडायला लागल्यावर सरचिटणीस अम्र मूसा कुरकुरू लागले की आम्ही एवढं मागितलं नव्हतं. कतारची विमानं त्या मोहिमेत होती, आणि त्याचे सैनिक जमिनीवरही होते हे कतारने काही महिन्यांनी स्वतःच मान्य केलं.

आता जरा घराकडे वळतो, कारण आपण हे सगळं आखातातल्या शेखांबद्दल नाक मुरडून वाचतो. जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर यांचं सरकार अलिप्ततेची भाषा बोलत होतं, आणि फिलिपिन्सकडून आखाताकडे जाणारी अमेरिकी लष्करी विमानं मुंबईत इंधन भरून पुढे जात होती. मुंबईत, आग्र्यात आणि मद्रासमध्ये. बातमी फुटली, राजीव गांधींच्या काँग्रेसने, जिच्या टेकूवर ते सरकार उभं होतं, आवाज उठवला आणि फेब्रुवारीत ही सोय बंद झाली. तेव्हा भारताची ‘भूमिका’ काय होती? त्या दिवसांत सहार विमानतळावर तेल भरणाऱ्या कामगाराला ती दिल्लीतल्या प्रवक्त्यापेक्षा जास्त नेमकी सांगता आली असती. २००३ मध्ये आपण जास्त सरळ वागलो. एप्रिलमध्ये संसदेने युद्धाविरुद्ध ठराव केला आणि अमेरिकेचा दबाव असतानाही जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. तिथे बोलणं आणि वागणं जुळलं, आणि विशेष म्हणजे तिथेही संसदेत उघड चर्चा झालेली होती.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वेळी ‘शेजाऱ्यांचा विरोध’ असा मथळा करताना पोटात दोन परिच्छेद वाढवा. हवाई हद्द कोणी दिली, बंदर कोणी दिलं, इंधन कोणी भरलं, कोणत्या संसदेत मतदान झालं आणि कुठे झालंच नाही, कोणाचं कर्ज माफ होतंय, कोणाचे मजूर कोणाच्या देशात आहेत. यातलं बरंचसं उघड माहितीत असतं, मुख्यालयांची नावंही. प्रवक्त्याचं वाक्य छापायला काहीच हरकत नाही, फक्त त्याच्या शेजारी तळाचं नाव छापा. आणि ‘आतून सगळ्यांना हवंय’ असं सांगणाऱ्या पाहुण्याला एकच प्रश्न विचारा : हुकूमशहा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी यांतला कोणता शेजारी आपला माणूस, आपला पैसा आणि आपलं नाव तिथे पाठवणार आहे? उत्तर आलं नाही तर जाहिरातींना जायच्या आधी थोडी शांतता पडद्यावर दिसू द्या.

आखातातली आपली माणसं या बातम्या इथल्यापेक्षा जास्त काळजीने वाचतात. जून २०२५ मध्ये इराणने अल उदैदवर क्षेपणास्त्रं सोडली, तेव्हा दोहातल्या मराठी घरांत ‘कतारचा या युद्धाला विरोध आहे’ या वाक्याचा काही उपयोग नव्हता. तळ कुठे आहे आणि घरापासून किती लांब आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

आपला,
एक जुना वाचक
ठाणे

ता.क. : चर्चेच्या वेळी पडद्यावर जो नकाशा दाखवता, त्यात ‘विरोध’ लाल आणि ‘पाठिंबा’ हिरवा असे देश रंगवलेले असतात. रंग तसेच ठेवा, पण त्यावर विमानतळांची चिन्हं टाका. २००३ चा नकाशा तसा करून पाहा, लाल देशांतच किती विमानं उभी दिसतील.